आत्याबाईची सडक

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या की आमच्या सोनाळ्यात संत्र्याचा वास सुटतो. हा वास आधी नाकाला कळत नाही, बोटांना कळतो. संत्र्यांचा तोडा सुरू झाला की घरातला जो तो आपली बोटं हुंगत फिरतो. कॅरेट भरणाऱ्या बाया, गाडीची वाट पाहणारा माझा मुलगा, आणि झाडाखाली खाट टाकून कामाचं नाव न काढता नुसतीच संत्री सोलणारे आमचे हे. धुकं वर सरकलं की बागेच्या टोकाशी सातपुडा दिसायला लागतो, निळा, हात लावावा इतका जवळ असल्यासारखा. त्याच्या पलीकडे, खूप पलीकडे, नर्मदा आहे. इथून दिसत नाही. पण कार्तिक लागला की ती तिथं आहे हे माझ्या तळपायांना कळतं आणि त्यांना खाज सुटते. चाळीस वर्षं सुटते आहे. यंदा मी ती मनावर घेतली.

नऊ दिवसांनी आम्ही निघतो! आम्ही म्हणजे मी, वय चौऱ्याहत्तर, आणि माझी नात मयुरी, वय पंचवीस. नर्मदेची परिक्रमा, आणि ती पायी. मयुरीनं पुण्यातली एक नोकरी सोडली आहे, दुसरी होळीनंतर धरायची आहे. मधले चार महिने तिनं मला दिलेत, किंवा मी तिला दिलेत. कोण कुणावर उपकार करतंय ते अजून ठरायचं आहे. दुसरंही एक ठरायचं होतं, आणि त्यावरून पंधरा दिवस आमच्या घरात भाजी गार होत होती. किनाऱ्यानं जायचं की सडकेनं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. परिक्रमेत नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिची धार एकदाही ओलांडायची नाही. ओंकारेश्वराहून निघायचं, दक्षिण तटानं समुद्रापर्यंत, तिथून नावेनं पलीकडे, मग उत्तर तटानं पार अमरकंटकापर्यंत, आणि उगमाला वळसा घालून परत ओंकारेश्वरी. तिला येऊन मिळणारे ओढे-नद्या ओलांडल्या तर चालतात. तिला ओलांडलं की परिक्रमा खंडित, पुन्हा पहिल्यापासून. वाट मात्र ज्याची त्यानं निवडावी. कुणी पाण्याला लागून दगडगोट्यांतून जातं, कुणी गुडघ्यांकडे पाहून सडक धरतं, आणि मग आठ-आठ दिवस मैया दिसत नाही. पुण्य दोघांनाही सारखंच, असं आश्रमांतून सांगतात. पण सांगणारेसुद्धा किनाऱ्यानं आलेल्याच्या ताटात तूप जरा जास्त वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या जास्तीच्या तुपासाठीच मी किनारा धरला होता, असं आज म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

मयुरीच्या फोनमध्ये सगळी नर्मदा आहे. रोज संध्याकाळी ती माझ्या मांडीला मांडी लावून बसते आणि बोटांनी नदी लहान-मोठी करते.

“आजी, हे पाह्य. ही रेघ म्हंजे किनारा. तू जथून गेलती ना, आपुन तथूनच जाऊ. तुह्याच वाटेनं.”

“माह्या वाटेवर आता मासे फिरून राह्यले.”

“म्हंजे?”

“म्हंजे धरनाचं पानी. मी ज्या गोट्यावर बसून भाकर खाल्ली, त्याच्यावर आता दहा पुरुष पानी असंन.”

“मंग पान्याच्या वरतून जाऊ. जथी पानी संपते तथी किनारा.”

पोरगी बोलून गेली आणि मी कितीतरी वेळ फोनमधल्या त्या निळ्या रेघेकडे बघत राहिले. किनारासुद्धा एका जागी राहत नाही. आपण गेलो ती वाट बुडते आणि जिथं आपण मान वर करून बघायचो त्या डोंगराच्या छातीशी नवा किनारा येऊन बसतो. मग माझ्या ‘किनाऱ्यानं गेले होते’चं काय राहिलं? पण गावात अजून राहिलं आहे. लग्नाकार्यात बाया नव्या सुनेला माझ्याकडे पाठवतात : “पड वं पाया, मायनं काठाकाठानं परकम्मा केली हाय.” मी पाय पुढे करते. इतकी वर्षं सवय झाली आहे पायांना.

तर त्या वेळची मी. वय चौतीस, माहेर मेहकरकडचं, त्यामुळे इकडच्या बायांना माझी बोली ऐटबाज वाटायची आणि मला तर ती वाटायचीच. चालायला घोडी, बोलायला कात्री, आणि अक्कल बेताची. ह्यांना विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ताप उतरला नाही तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, नवस बोलला : “माह्या लेकाले उठव, मी आन माही सून, दोघी पायी तुही परकम्मा करू.” मला कुणी विचारलं नव्हतं. पण हे उठले, पेज मागून प्याले, आणि मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. लेकरं जावेकडे, कपास वेचायला गडीमाणसं, आणि मी चार महिने घराबाहेर! भक्ती किती होती ते मैयाला ठाऊक. आनंद मात्र असा होता की मला झोपेत चालण्याचे भास व्हायचे.

निघताना ह्यांनी एकच सांगितलं. तापातून उठलेला माणूस, आवाजात अजून जोर नव्हता. म्हणाले, “मायचा हात सोडू नको.”

मी म्हणाले, “तुमी काही काळजी करू नका.” असं म्हणणाऱ्या बाईची काळजी करावी, हे त्या भोळ्या माणसाला कळलं नाही.

ओंकारेश्वराच्या घाटावर आमच्या जथ्यातल्या प्रत्येकानं आपापल्या बाटलीत नर्मदेचं जल भरून घेतलं. ते चार महिने जवळ बाळगायचं, रोज पुजायचं. बाकीच्यांकडे पितळी गडू, नाहीतर नव्या बाटल्या. माझी बाटली खोबरेल तेलाची, निळी, प्लास्टिकची, राखेनं सात वेळा घासलेली. तरी मैयाच्या पूजेला थोडा तेलाचा वास यायचाच. आत्याबाई म्हणायच्या, “येऊ दे. तिच्या केसाले कोन लावते तेल?”

किती सोपं देवपण होतं त्या बाईचं! मला तेव्हा ते अडाणीपण वाटायचं.

परवा मी बुटांचा सराव करायला पहाटे बागेत गेले. मयुरीनं आणलेले बूट, आतून मऊ, पाय घातला की कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. तुरीला पिवळा फुलोरा आला आहे, दव पडलेलं, आणि मी बांधाबांधानं अशी चालले जशी मागे कुणी लागलंय. दोन फेऱ्या, तीन, चार. पाचव्या फेरीला गुडघा बोलला. मी म्हटलं, बोल बाबा, तुझंही ऐकते. आणि तिथंच बांधावर उभ्या उभ्या मला एक हिशेब सुचला आणि हसू फुटलं. परिक्रमेला निघाल्या तेव्हा आत्याबाई साठीच्या होत्या. मला त्या जख्खड म्हातारी वाटायच्या. आणि आज मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी! आज त्या समोरून आल्या तर मी त्यांना ‘अगं ये, बस’ म्हणायला हवं.

तर त्या परिक्रमेत बडवानी मागे पडली आणि एका गावात लिंबाखाली तुळशीरामबुवांनी सगळ्यांना बसवलं. बुवा आमच्या सात जणांचे पुढारी, आधी दोनदा परिक्रमा करून आलेले.

“अथून वाटा दोन,” बुवा म्हणाले. “झाडीची वाट मैयाच्या काठाकाठानं, पन डोंगर उभे हायेत. सडकेची वाट शहाद्याकडून, सपाट, पन आठ-दहा दिवस मैया दिसनार नाई. ज्यानं त्यानं आपापले गुडघे इचारून सांगा.”

आत्याबाईंना विचारावं लागलं नाही, त्यांचे गुडघे आधीच बोलत होते. “मी सडकेनं जातो बाप्पा. मैया मले नाई दिसली तं नाई दिसली. मी दिसन तिले.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सून सासूबरोबर जाणार, यात विचारण्यासारखं काय होतं? आणि माझे डोळे तिकडे, खाली, जिथं झाडांच्या मधून पाण्याचा एक तुकडा चकाकत होता. मी तोंडात साखर घोळवली.

“आत्याबाई, दोघींमधून एकीनं तरी काठानं जावं म्हणते मी. म्हणजे नवस पक्का होईल.”

नवस पक्का होईल! माझ्या चौतीस वर्षांच्या जिभेला त्या वेळी मुंगी कशी चावली नाही? आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. पाय आधीच उताराकडे वळलेले होते.

“जाय वं,” त्या म्हणाल्या. “लेकानं इचारलं तं म्याच धाडली म्हनीन.”

आणि मी हात सोडला. काय सांगू, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बुवा, त्यांचे दोन सोबती आणि मी, चौघं उतरणीला लागलो. मी सगळ्यांच्या पुढे.

ते दिवस मात्र, ते दिवस! आजही डोळे मिटले तर येतात. सकाळी पाण्यावर वाफ तरंगायची आणि त्या वाफेतून आधी आवाज यायचा, मग नदी. कधी हिरवी, कधी काळी, उन्हं वर आली की अशी लखलखीत की तिच्याकडे बघत चालणारा माणूस ठेचकाळलाच पाहिजे. दगड गुळगुळीत, हातात घेतला की सोडवत नाही. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. चढ असे की समोरच्याच्या टाचा माझ्या नाकासमोर. वर पोचलं की खाली ती, उजव्या हाताला, काल होती तशीच, आज पुन्हा नवी. मी मोठ्यानं ‘नर्मदे हर’ ओरडायची आणि पलीकडचा डोंगर ते परत पाठवायचा. तेही मला माझंच कौतुक वाटायचं.

सगळ्यांनी बजावलं होतं, झाडीत लुटतात. म्हणून मी दोन लुगडी एकावर एक नेसले होते. एक गेलं तरी एक उरेल, हे माझं चातुर्य. पाच दिवस मी त्या दोन लुगड्यांत डोंगर चढले. घामानं निथळले, काट्यांत अडकले, आणि लुटायला कुणी आलं नाही. थोडा अपमानच वाटला. एका पाड्यावर एका पावरा आदिवासी बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोन्ही पदर मोजले, आणि खुदकन हसली. हातावर मक्याची जाड भाकर ठेवली, वर लसणाची चटणी, आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?” मी बुवांना विचारलं.

बुवा हसू दाबत म्हणाले, “थंडी वाजत असंन तं चुलीपाशी बस म्हन्ते.”

त्या भाकरीची चव अजून आहे. लुटलं म्हणायचं तर त्या बाईनंच मला लुटलं.

सहाव्या दिवसाची सकाळ. बुवा आणि दोघं जण पुढे निघून गेले होते, मी मागे पूजा करत होते. पूजा कसली, पाण्यात तोंड बघत होते. निळी बाटली वाळूवर ठेवली होती, झाकण अर्धवट. पदर सारखा करायला गेले, दोन पदर, एकाचा धक्का लागला. बाटली घरंगळली आणि गेली पाण्यात. थांबेल म्हटलं, थांबली नाही. समोर एक उथळ धार होती, गुडघाभर, तिच्या पलीकडे वाळूचा उंचवटा. बाटली डुलत डुलत त्या उंचवट्याला जाऊन लागली आणि तिथं बसली, निळी, माझ्याकडे तोंड करून.

मी क्षणभरही विचार केला नाही. लुगडी वर खोचली, दोन्ही, आणि धार ओलांडून गेले. बाटली उचलली. निम्मं जल सांडलेलं, आत वाळू गेलेली. तिथलंच पाणी तिच्यात भरलं, झाकण घट्ट केलं, जीव भांड्यात पडला. आणि मग मान वर केली. पलीकडे मोठा प्रवाह होता. मागे, मी आले तिथंही, पाणी वाहत होतं. म्हणजे तो कुणी ओढा नव्हता. ती मैयाच होती, दोन भागांत फुटलेली, आणि मी तिच्या मधोमध उभी. बुवांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं कानात वाजलं : “जिच्यात मैयाचं पानी ते तिची धार, मंग घोट्याएवढी असो.”

बाटलीतली नर्मदा वाचवायला मी खरी नर्मदा ओलांडली होती!

हसावं असं आहे, आणि आज मी हसते. तेव्हा नाही हसले. कुणी पाहिलं का म्हणून आधी चारी दिशांना बघितलं. एक बगळा होता. मग परत आले, लुगडी सोडली, धावत जाऊन बुवांना गाठलं आणि मोठ्यानं म्हटलं, “नर्मदे हर!” सांगितलं असतं तर ओंकारेश्वराला परत, पहिल्यापासून. किनाऱ्याची ऐट गेली असती. आणि नवस ह्यांच्या जिवासाठीचा. ‘दोघी करू’ असा बोललेला. म्हणून भीती, म्हणून आणखी गप्प. माणूस एकाच वेळी किती कारणांनी गप्प बसू शकतं!

झाडी संपल्यावर राजपीपळ्याच्या अलीकडे एका आश्रमात आमची पुन्हा भेट ठरली होती. आत्याबाई आधीच पोचल्या होत्या, दोन्ही पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात. डांबरानं तळवे सोलून निघाले होते. आम्हाला पाहिलं तशा ओल्या पायांनी उठल्या. आधी बुवांसमोर उभ्या राहिल्या, हात जोडून, सगळ्या लोकांदेखत.

“बुवा, माह्याकडून चूक झाली. तळोद्याच्या पुढं उसाची ट्राली थांबली, म्हने बस माय. मी बसली. दोन गावं मजेत गेली, मंग मले मैया आठोली. उतरली. जथून बसली तथपर्यंत उलटी चालत गेली, आन पुन्हा सारं पायानं आली. हे चालते का? नसंन चालत तं सांगा, मी परत जातो.”

बुवांनी उपरण्यानं डोळे पुसले. “चालते माय. लय चांगलं चालते.”

मग आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि वाकल्या. मला काही कळायच्या आत त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

“तू काठाकाठानं आली वं. तुह्या पायाले तिचं पानी लागलं हाय.”

लागलं होतं, आत्याबाई. गुडघ्यापर्यंत लागलं होतं.

मी पाय मागे घेतले का? नाही. मी हात वर केला आणि आशीर्वाद दिला. सासूला! चौतीस वर्षांची ती कमळ मला आज कुठं भेटली ना, तर मी तिचे दोन्ही पदर धरून तिला त्याच धारेत बुचकळून काढीन.

समुद्राशी नावेची वाट पाहत दीड दिवस बसलो. भरती आली तेव्हा नाव सुटली आणि मला ओकाऱ्या सुरू झाल्या. किनाऱ्याची वाघीण नावेच्या तळाशी पडून होती, डोक्याला फडकं बांधून. तिथं बाटलीतलं अर्धं जल सागराला द्यायचं आणि तेवढंच भरून घ्यायचं असतं. मला उठवेना, म्हणून आत्याबाईंनी माझी बाटली घेतली आणि ओंजळीत ओतली. मी एक डोळा उघडून पाहत होते. ओंजळीत पाणी होतं आणि पाण्याखाली चमचाभर वाळू. घाटावरच्या नितळ पाण्यानं भरलेल्या बाटलीत वाळू. त्यांनी ती बोटानं जराशी चाळवली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ओंजळ समुद्रात सोडली.

पलीकडे उतरलो, चालायला लागलो. तिथून पुढे अमरकंटकापर्यंत आणि तिथून ओंकारेश्वरापर्यंत आत्याबाई माझ्या उजव्या बाजूनंच चालल्या. वाट अरुंद असली तरी उजव्या. मी डावीकडे गेले तर त्या सरकत, मी उजवीकडे गेले तर मला खांद्यानं आत लोटत. सडक सोडून माझ्याबरोबर काठानंही आल्या जिथं गुडघे येऊ देत होते तिथं. मी म्हणायची, आत्याबाईंचा डावा कान चांगला असेल, म्हणून. चाळीस वर्षं मी हेच समजून होते.

घरी आल्यावर परिक्रमा पुरी झाल्याची कढाई झाली, शिऱ्याची, गावच्या सगळ्या लहान मुली जेवल्या. मी दोन महिने हिंदीत बोलत होते. जावेला म्हणायची, “पानी पिलाओ मैया.” ती पाणी द्यायची आणि मागे तोंड फिरवून हसायची. लोक येत, किनाऱ्याच्या गोष्टी ऐकत. आत्याबाई कोपऱ्यात कपास निवडत बसायच्या. त्यांना सडकेबद्दल कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि तेव्हापासून ह्यांना साधी शिंक आली तरी मी हातातलं काम टाकून धावते. खोकला झाला की मी देवघरात जाऊन कान धरते. आत्याबाई जायच्या आधी सांगायचं ठरवलं होतं, शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसून. तोंड उघडलं, तर त्यांनीच माझा हात थोपटला आणि झोपल्या. मी तो हात धरून बसले. सोडायचा नव्हता ना, सांगितलं होतं.

काल दुपारी बागेत तिघं होतो. हे खाटेवर, मी त्यांच्या पायथ्याशी, मयुरी खाली गवतात फोन घेऊन. तोडा संपत आला आहे, सालींचा ढीग, त्या वासानं डोळे जड झालेले. मयुरी पुन्हा सुरू झाली.

“आजी, फायनल सांग. किनारा ना? तुह्या किनाऱ्यासाठी मी चाल्ली.”

आणि मी सांगून टाकलं. लिंबाखाली सोडलेला हात, दोन लुगडी, बाटली, बगळा, ओंजळीतली वाळू, पायांवर टेकलेलं डोकं, सगळं. सांगताना ह्यांच्याकडे पाहत नव्हते. आयुष्यभर ज्या माणसाच्या जिवाला भ्याले त्याला त्याच्याच तोंडावर सांगत होते, की तुमचा नवस मी अर्धवट ठेवला आहे.

हे शांतपणे फोडी करत राहिले. मग म्हणाले, “मायले मालूम होतं.”

“काय?”

“परकम्मेहून आली त्याच आठोड्यात सांग्तलं तिनं मले. म्हने, कमळीच्या बाटलीत वाळू निंघाली, पोरगी मैयात उतरली असंन. म्हून मी सागरापासून तिच्या उजवीकडनं चालली. पुन्हा उतरू नये म्हून.” ह्यांनी एक फोड तोंडात टाकली. “मले म्हने, तिले बोलू नको, ते सोताच सांगंन.”

“आन तुमी चाळीस वर्षं बोलले नाई!”

“तू कुठी बोलली?”

“अहो, नवस तुमच्या जिवाचा होता! मी तुमच्या खोकल्याले भेत राह्यली!”

“मी ऐंशी वर्षांचा झालो बे बुढे,” हे म्हणाले. “अजून कितीक जगू? मैयानं वाळू केव्हाच मोजली असंन.”

मयुरी हसून हसून गवतात लोळली. मला रागही आला आणि छातीवरून कुणीतरी धान्याचं पोतं उचलून नेल्यासारखं झालं. भीती गेली तर मग जायचं कशाला, असा एक विचार चाटून गेला. पण तळपाय खाजतच होते. आणि आता डोळ्यांपुढं किनारा येत नव्हता. डांबराची लांब सडक येत होती, उसाच्या ट्रॉल्या, आणि त्या सडकेवरून उलटी चालत जाणारी एक साठीची बाई, जिची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. तिला कुठून बसावंसं वाटलं, कुठून उतरली, परत जाताना ऊन कोणत्या बाजूनं होतं, मैया न दिसता ती दहा दिवस कुणाशी बोलत होती, हे सगळं मला जाऊन पाहायचं आहे. तिची सडक तर बुडाली नाही. ती अजून आहे.

“सडकेनं,” मी म्हटलं. “तळोद्यावरून. माह्या सासूच्या वाटेनं.”

मयुरीनं फोनमधली रेघ पुसली की काय कोण जाणे, फोन गवतात पालथा ठेवला. मग उठली, माझ्यासमोर आली आणि वाकली. मी दोन्ही पाय झटकन खाटेवर ओढून घेतले.

“पाया नाई पडून राह्यली वं,” ती म्हणाली, “सालं उचलून राह्यली.”

सालींचा ओचा भरून ती बांधाकडे निघाली, चार पावलांवर थांबली आणि वळली.

“आजी, मी तुह्या उजवीकडनं चालीन.”

“काऊन? सडकेवर कुठी हाय नदी?”

“नसू दे,” मयुरी म्हणाली. “तुहा काई भरोसा नाई.”